परका तुकडा

प्रिय खारूताई,

परवा फोनवर तू मला 'येशील का?' असं विचारलंस आणि मी "थांब, दूध उतू जातंय" म्हणून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतंच. गॅससुद्धा बंद होता. इतक्या वर्षांत तुला माझी ही लबाडी कळत नसेल असं समजण्याइतकी मी भोळी नाही. तरीही तू पुन्हा फोन केला नाहीस, म्हणजे मला वेळ दिलास. हा गुण तुझ्यात बाबांकडून आलाय. म्हणून आज सुट्टीची सकाळ गाठून उत्तर लिहायला बसले आहे. फोनवर माझी गाडी अडते, हातात काहीतरी धरलं की बरं सुचतं, मग ते पेन का असेना. पण नमनाला घडाभर तेल जाणार आहे, आधीच सांगते. पाठीला उशी घे, पाय वर करून बस. आठव्या महिन्यात पायांना सूज येते म्हणतात. माझी सगळी माहिती ऐकीव, पण पाय वर केल्यानं कुणाचं नुकसान झाल्याचं ऐकलेलं नाही.

तुझ्या त्या प्रश्नात 'येशील का'च्या आधी आणखी एक शब्द होता. खरं तर मी त्या शब्दालाच घाबरले. त्याच्याकडे येणारच आहे, टाळत नाही. जन्मभर भांडी जोडणाऱ्या बाईनं तरी ताकाला जाऊन भांडं लपवू नये.

आधी माझ्याकडची बातमी. आमच्या संग्रहालयात मोठं प्रदर्शन भरतंय, घरोघरच्या जुन्या भांड्यांचं. राजेरजवाड्यांचं त्यात काही नाही. ज्यात साधी माणसं जेवली, पाणी प्यायली, तसली भांडी. वर्षानुवर्षं तळघरातल्या कपाटात पडून असलेल्या वस्तू एकेक करून माझ्या टेबलावर येताहेत आणि मी त्यांना न्हाऊमाखू घालून वर पाठवते आहे. त्यात एक वाडगा आहे. पांढरा, आतबाहेर निळी फुलं, ओंजळीत मावेल एवढा. कधीतरी तो फुटला. सगळे तुकडे सापडले, एक सोडून. मग कुणीतरी, कोण ते कळायला मार्ग नाही, दुसऱ्याच कुठल्या तरी फुटक्या वाडग्याचा तुकडा घेतला. साधा हिरवा, त्यावर ना फूल ना पान. तो कडेनं घासून घासून त्या मोकळ्या जागेत बसवला आणि पितळी तारेचे टाके घालून पक्का केला. टाके म्हणजे खरोखरचे टाके. जोडाच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडायची आणि त्यात तारेचा आकडा घट्ट बसवायचा. निळ्या फुलांत तो हिरवा तुकडा असा काही दिसतो की बघणारा आधी हसतोच. आम्ही त्याला 'परका तुकडा' म्हणतो.

आमचे संचालक माणूस भला, पण त्यांना सगळं इस्त्री केलेलं आवडतं. त्यांनी नेमका हाच वाडगा दारासमोरच्या मुख्य काचपेटीसाठी निवडला आणि मला म्हणाले, "तो हिरवा तुकडा तेवढा काढा. तिथे प्लास्टर भरा, वर फुलं रंगवा. कुणाला कळता कामा नये." लाकूड विभागातला वाळवी तिथेच उभा होता. तुला आठवत असेल तो. लाकडाचं काम करतो म्हणून नव्हे, सगळ्यांचे डबे आतून पोखरतो म्हणून त्याचं नाव वाळवी. तोही म्हणाला, "खरंच काढा बाई. एवढा देखणा वाडगा आणि गालावर ठिगळ!" मलाही तेव्हा तसंच वाटलं. मी मान डोलावली आणि वाडगा खाली घेऊन आले.

आमच्या कामाचा पहिला नियम तुला तोंडपाठ आहे. लहानपणी तू तो पाढ्यासारखा म्हणायचीस, 'जे लावाल ते काढता आलं पाहिजे.' माझ्या सरांनी पहिल्याच दिवशी तो माझ्या डोक्यात पक्का केला होता. आपण भरलेली जागा, आपला डिंक, आपला रंग, सगळं असं हवं की उद्या आपल्यापेक्षा शहाणा कुणी आला तर मूळ वस्तूला धक्का न लावता त्याला ते पुसता यावं. तुझ्या बाबांशी लग्न करून तुमच्या घरात आले तेव्हा हाच नियम मी बरोबर घेऊन आले. दुसरं काही येत नव्हतंच. तू तिसरीत होतीस. तुझी आई जाऊन वर्ष उलटलं होतं. तिची केसांची पिन, तिचा रुमाल, तिच्या चपलेचा तुटका पट्टा असं काहीबाही तू घरभर दडवून ठेवायचीस, खार बिया पुरते तसं. म्हणून तू खारूताई. पिन मला साखरेच्या डब्यात सापडली. मी चहापुरती साखर काढून घेतली आणि पिन होती तिथेच ठेवली. तिचा फोटो मी रोज मऊ कोरड्या कुंचल्यानं पुसायचे, अगदी संग्रहालयातल्यासारखा. माझे कपडे मात्र बरेच महिने बॅगेतच होते. तुझे बाबा म्हणायचे, "कपाट काय चावतं का तुला?" त्यांना वाटायचं मी लाजते. मी कसली लाजतेय! उद्या तू म्हणालीस की ही नको, तर मागे माझा डागही राहू नये, एवढंच माझ्या मनात होतं. शेजारच्या काकू 'कानामागून आली आणि तिखट झाली' असं मला ऐकू येईल इतक्याच हळू म्हणायच्या. मी तर तिखट व्हायचंच नाही असं ठरवून बसले होते.

तू मला काय हाक मारायचीस, आठवतंय? मारायचीच नाहीस. सुरुवातीला मी तुझ्यासाठी नुसती 'अहो' होते. 'अहो, माझी वही कुठाय?', 'अहो, बाबा कधी येणार?' बँकेतल्या बाईशी बोलावं तसं. शाळा सुटली की तुला घरी एकटीला ठेवायचं नाही म्हणून बाबा तुला माझ्या कामाच्या खोलीत सोडायचे आणि शिडी खांद्यावर टाकून दिवे बदलायला जायचे. संग्रहालयातले सगळे दिवे त्यांच्याच हाती होते ना. जोड सुकेपर्यंत भांडं कलू नये म्हणून आम्ही ते वाळूत रोवून ठेवतो. त्या वाळूच्या परातीपुढे तुझी जागा ठरलेली. तू तिच्यात पेन्सिली रोवायचीस, खोडरबर पुरायचीस आणि माझ्याकडे टक लावून बघायचीस. एकदा मी काडीला कापूस गुंडाळून, तो जिभेवर ओला करून एका बशीवरचा मळ काढत होते. थुंकीनं मळ निघतो आणि रंगाला धक्का लागत नाही, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित. दुसऱ्या दिवशी तुझ्या अख्ख्या वर्गाला कळलं की तुमच्या घरी आलेली बाई थुंकून भांडी घासते. पुढे तुझ्या वर्गबाई घरी आल्या तेव्हा त्यांनी चहाला हात लावला नाही. बाबा त्यावर कितीतरी दिवस हसत होते.

आणि मग तो कप. बाबांचा लाडका, पिवळा, ढेरपोट्या. त्याचा कान तुटला आणि मी मोठ्या ऐटीत म्हटलं, घरात एवढी तज्ज्ञ बसली असताना नवा कप कशाला? कप कामाच्या खोलीत नेला, दोन्ही कडा ॲसिटोननं पुसल्या, आमचा उत्तमातला डिंक लावला, वाळूत ठेवून सुकवला. जोड शोधूनही सापडू नये असा जमला होता. बाबांनी सकाळी त्यात वाफाळता चहा ओतला, कप उचलला, आणि कान हातात, कप मांडीवर! आमचा डिंक काढता येतो तो असाच, ऊब लागली की मऊ पडतो. काचपेटीतल्या कपात कुणी चहा ओतत नाही आणि घरातल्या कपात ओततात, एवढी साधी गोष्ट तज्ज्ञबाई विसरल्या होत्या. बाबा उड्या मारताहेत, मी ओलं फडकं शोधतेय, आणि तू जी हसत सुटलीस ती जमिनीवर बसकणच मारलीस. त्या घरात तुला हसताना मी पहिल्यांदा बघत होते. हसता हसता तू म्हणालीस, "अगं, वापरायच्या वस्तूला तुझा डिंक नाही चालत गं!"

मी फडकं हातात धरून तशीच उभी राहिले. बाबासुद्धा भाजलेली मांडी विसरून आधी तुझ्याकडे, मग माझ्याकडे बघायला लागले. तुला बहुतेक कळलंही नाही तू काय बोललीस ते. त्या दिवसापासून मी तुझी 'अगं' झाले. संध्याकाळी बाबांनी बाजारातून सात जन्म सुटणार नाही असा गोंद आणला आणि कान असा चिकटवला की गोंदाचा ओघळ अजून कपावर आहे. बघवत नाही. पण त्यांनी तो कप शेवटपर्यंत वापरला. आणि मी माझे कपडे त्याच आठवड्यात कपाटात लावले.

तर वाडगा. हिरवा तुकडा काढायचा म्हणजे आधी टाके सैल करायचे, त्यासाठी टाक्यांभोवती फटी बुजवायला भरलेलं जुनं लुकण मऊ करून कोरायचं. चार दिवस हळूहळू तेच चाललं होतं. काल सकाळी पहिला टाका उचलण्याआधी एकदा आतून नीट बघावं म्हणून मी बाबांचा तो वाकड्या मानेचा दिवा ओढला. त्यांच्यामागे तो दिवा मी कुणाला नेऊ दिलेला नाही. "समोरून उजेड मारलास तर नुसती चकाकी दिसेल, बाजूनं मार," असं ते सांगायचे, म्हणून दिवा अगदी आडवा केला आणि भिंगातून बघायला लागले. वाडग्याच्या आत चमच्याचे ओरखडे होते, बारीक, गोल गोल, ढवळून ढवळून पडलेले. त्यात नवल काही नाही, वापरातल्या भांड्याला ते असतातच. पण खारूताई, ते ओरखडे जोडापाशी थांबत नव्हते. निळ्या फुलांवरून निघायचे, जोड ओलांडायचे, हिरव्या तुकड्यावरून जायचे आणि पलीकडच्या फुलांवर उतरायचे. एकसारखे, न तुटता.

म्हणजे कळलं का? तो परका तुकडा बसवल्यावर वाडगा फडताळात शोभेला गेला नाही. कुणीतरी त्यातून रोज खाल्लं, वर्षानुवर्षं खाल्लं, चमचा आपला फुलांवरूनही फिरला आणि हिरव्यावरूनही. आणखी बारकाईनं बघितलं तर त्या हिरव्या तुकड्यावर आधीचे, त्याच्या मूळच्या वाडग्यातले ओरखडेही होते, वेगळ्याच दिशेला जाणारे, आणि त्यांच्यावरून हे नवे. ज्यानं कुणी ते टाके घातले तो आमच्या परीक्षेत सपशेल नापास झाला असता. भोकं पाडली, तार ठोकली, काढायची सोयच ठेवली नाही! पण त्याला वाडगा काचपेटीत ठेवायचा नव्हता, घरात वापरायचा होता. मी कोरणी खाली ठेवली. 

संचालकांना खाली बोलावून मी म्हटलं, हे काढायचं असेल तर दुसरा माणूस बघा, मी काढणार नाही. तू ओळखतेस मला, मी साहेबांशी भांडणारी नाही. ते बिचारे इतके दचकले की थेट भिंगाला डोळा लावून बसले. खूप वेळ बघत होते. मग म्हणाले, "हे तुमच्या कोरणीचे तर नाहीत ना?" मी कोरणी त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. "बरं बरं," म्हणाले. जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "मग पाटीवर काय लिहायचं?" म्हटलं, लिहा, 'निळ्या फुलांचा वाडगा. एक तुकडा दुसऱ्या वाडग्याचा. दुरुस्तीनंतर बरीच वर्षं वापरात.' आणि दिवा बाजूनं लावायचा, हेही बजावलं. वाळवी म्हणतो, बाई तुम्ही एका ठिगळासाठी नोकरी पणाला लावलीत. त्याला काय सांगणार?

बाबा गेल्यावर तू महिनाभर राहून परत गेलीस, तेव्हा त्या रिकाम्या घरात बसून मी मनाशी म्हटलं, आपल्या दोघींना जोडणारा माणूस मधून निघून गेला. आता मी तुझी कोण? तू माझ्या पोटची नाहीस आणि मी तुझ्या आईसारखी दिसतही नाही. दर रविवारी तुझा फोन यायचा आणि मला वाटायचं, बाबांखातर करते आहे पोर, सवयीनं करते आहे, हळूहळू सुटेल. मी सुटायला जागा ठेवूनच बोलायचे. 'वेळ नसेल तर राहू दे हं' हे माझं पालुपद. एकदा तू चिडून म्हणालीसही, "तूच मला घालवायला बघतेस." मी ते हसण्यावारी नेलं. परवाच्या तुझ्या प्रश्नानंतरही पहिला विचार हाच आला की मावशीला जमत नसेल, म्हणून माझा नंबर लागला. तुझ्या आईची सख्खी बहीण असताना मी कशी मध्ये तोंड घालू? म्हणून काल घरी आल्यावर गुडघ्यांची चौकशी करायच्या निमित्तानं मी मावशींनाच फोन लावला. फटकळ बाई, देव त्यांचं भलं करो. म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? मी आपणहून येते म्हटलं तर तुझी लेक म्हणाली, आधी तिला विचारते. आणि तू काय, दूध उतू घालत बसलीस?" म्हणजे दुधाची बातमी तिथवरही पोचली तर! पण खरं सांगू, मला त्या वाक्यातले दोनच शब्द ऐकू आले. तुझी लेक. मावशी ते किती सहज बोलून गेल्या.

आता तो शब्द. तू नुसतं 'येशील का' नव्हतं विचारलंस. तू म्हणालीस, "आई म्हणून येशील का?" फोन ठेवून मी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून रडले, सांगून टाकते. तर ऐक. मी येते. आज उठल्याउठल्या संचालकांना फोन करून रजा मागून घेतली आहे. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मी नसेन, वाडगा वाळवी पेटीत ठेवेल आणि दिवा बाजूनं लावायचा हे त्याला फोनवर चारदा सांगून झालं आहे. बाळ येईपर्यंत मी राहीन, नंतरही राहीन आणि तू हाकललंस तरी लगेच जायची नाही. या वेळी कपडे बॅगेत ठेवणार नाही, तुझ्या कपाटात एक कप्पा रिकामा करून ठेव. पण राणी, आई हा शब्द तिचा आहे, तो तिच्याच जागी राहू दे. त्या हिरव्या तुकड्यावर मी निळी फुलं रंगवू दिली नाहीत, माझ्यावरही तू रंगवू नकोस. मी अशीच बरी दिसते आणि अशीच तुझी आहे, आता निघणारी नाही. बाळाला तिचा फोटो दाखव, सांग की ही तुझी आजी. मग माझ्याकडे बोट दाखव, त्याला जे सुचेल ते त्यानं म्हणावं. तू मात्र दार उघडशील तेव्हा मला आपल्या नेहमीच्या हाकेनं घरात घे, चांगलं खणखणीत, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. बाबांचा पिवळा कप बरोबर आणते आहे. कान घट्ट आहे, चहा गरमच ओत.

तुझीच,
अगं